वरच्या खोलीची झडती

तो गेला हे आम्हाला टाकीने सांगितलं.
तिसऱ्या दिवशीही भरलेलीच.
कुमुद म्हणाली, वाल्मीक दिसत नाही हो,
आणि मी चाव्यांचा जुडगा शोधायला लागलो.

वर कुलूप नव्हतंच. नुसती कडी.
चावी खिडकीत, आगपेटीखाली.

चौतीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये काढली.
तिथे वाया गेलेला कागदही मोजून ठेवतात
आणि माणूस घरी निघताना त्याला चाचपतात.
म्हणून वही घेतली, खोलीच्या मधोमध उभा राहिलो,
लिहायला लागलो:

गादी, एक. मधे खड्डा.
बादली, कडी तुटलेली.
सेफ्टी शूज, सिन्नरच्या कंपनीतले, डाव्याचा तळ उकललेला.
पोलीस भरतीचं पुस्तक,
पान एकशे बारापर्यंत मळकं,
त्यापुढे कोरं करकरीत.
लोणच्याची बरणी. तोंडाला फडकं,
फडक्याची गाठ त्याच्या आईने मारलेली असणार,
आपल्याला तशी जमत नाही.

कुमुद म्हणाली, गाठ कशाला लिहिता वहीत?

मग स्विचबोर्डाशेजारी पेन्सिलीचे आकडे दिसले.
सहा वीस.
पाच अठ्ठावन्न.
पाच एक्केचाळीस.
आधी वाटलं दुधाचा हिशेब.
मग आठवलं, हा पहाटे दसकच्या पुलाकडे पळायचा
आणि मी अंथरुणातूनच ओरडायचो,
फाटक आपटू नकोस रे.
पाच एक्केचाळीस, पुन्हा.
पाच बावन्न.
त्याच्याखाली नुसती भिंत.

दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.
जेलरोडवर जो भेटला तो शहाणपण शिकवून गेला,
पोलिसांत द्या, सामान विका, वसूल करा.
मी फोन लावला.
आतली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
गादीला खड्डा आहे की अजून, बाई.

डिपॉझिट आठ हजार.
भाड्याचे सहा गेले, लाइटबिलाचे सातशे चाळीस.
तीनदा वजाबाकी केली.
त्याच्याकडून काहीच येणं नव्हतं.
माझ्याकडूनच त्याचे निघत होते बाराशे साठ.

न सांगता जाणाऱ्याने
निदान बुडवून तरी जावं.

अय्युब भंगारवाल्याने बादली नेली.
शूज हातात तोलले, खाली ठेवले.
पुढे लोखंड आहे काका, पण काढायचं तर बूट फाडावा लागेल.
कुणाच्या तरी पायाला होतील.
तो गेल्यावर मी घालून पाहिले.
एक नंबर मोठे.

ओट्याखाली, अगदी मागे, एक डबा निघाला.
हा माझा, कुमुद म्हणाली,
आणि खरंच, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत
कु. शो. तेजाळे.
दिवाळीत चिवडा घालून वर पाठवलेला.
झाकण निघेना, चमच्याच्या दांडीने उचकटलं.
आत साखर. पाव किलो तरी असेल.

शेगडी नेली, पातेली नेली, चहाची गाळणीसुद्धा नेली,
त्या माणसाची साखर विसरून राहिलेली नाही.
डबा रिकामा परत करू नये, एवढंच
कुठेतरी ऐकून आला असेल पोरगा.

कुमुदने आठवडाभर ती तशीच ठेवली.
मग चहा केला.

रंगारी आला.
म्हणाला, एका हातात पेन्सिल दबत नाही,
बोर्डाकडे दुसरा हात मारू का?
मी म्हटलं, दुसऱ्या हाताचे पैसे कोण देणार?

डबा आता धुऊन पुसून माळ्यावर आहे, बरणीशेजारी.
आत दोन पाचशेच्या, एक दोनशेची, एक पन्नासची,
आणि दहाचं नाणं, ते हलवलं की वाजतं.
नोटांचे नंबर वहीत उतरवलेत. सवय.

नवा मुलगा बँकेत आहे.
हे आकडे कसले, त्याने विचारलं.
आधीच्याचे, मी म्हटलं. तू पळतोस का?
नाही, तो म्हणाला.

फाटक हा अगदी हळू लावतो.
कुमुद म्हणते, कळतच नाही कधी गेला.